बोर्डावरचे गोरे सर कोणत्या बॅचला असतात?

इंग्लिश शिकवायला इंग्लिश यावं लागतं की गोरं असावं लागतं? परदेशातले क्लासवाले याचं जे उत्तर देतात, त्याचा आपल्याला राग येतो. पण आपल्या गावात आपण तरी वेगळं काय करतोय?

एम.ए. झाल्यावर वर्षभर मी साताऱ्यात एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवत होते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वीस-पंचवीस खुर्च्या, एक व्हाइट बोर्ड आणि खाली रस्त्यावर एक भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर निळ्या सुटातला, सोनेरी केसांचा, दात काढून हसणारा गोरा माणूस. त्याच्या एका बाजूला अमेरिकेचा झेंडा आणि मागं लंडनचा घड्याळाचा टॉवर. कुठल्या देशातला माणूस हा, ते डिझाइन करणाऱ्यालाही माहीत नसणार. इंटरनेटवरून उचललेला फोटो, दुसरं काय!

जूनमधली गोष्ट. बाहेर बारीक पाऊस. मेढ्याकडच्या एका गावातून एक काका मुलीला घेऊन आले. पोरगी नुकतीच बारावी झालेली. छत्री दाराशी टेकवून काका आत आले, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ विचारलं,

‘मॅडम, ते बोर्डावरचं सर कुठल्या बॅचला असत्यात?’

मला हसू आलं. मग लक्षात आलं की काका चेष्टा करत नाहीयेत. त्यांनी फोटो बघितला होता आणि फोटोवर विश्वास ठेवला होता. फी त्या फोटोसाठी भरायची तयारी होती.

‘ते नसतात काका. मीच शिकवते.’

काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं. आणि गप्प झाले.

ते काका पुढं काय म्हणाले ते शेवटी सांगते. पण तो अर्धा मिनिट मी विसरलेले नाही. कारण त्या अर्ध्या मिनिटात माझी डिग्री, माझा अभ्यास, माझं शिकवणं यातलं काहीच मोजलं जात नव्हतं. मी फोटोसारखी दिसत नव्हते, एवढंच.

फोटोतला माणूस येणारच नाही!

साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत किंवा सांगलीत विश्रामबागेत एक चक्कर मारा आणि क्लासचे बोर्ड बघा. असे हसरे गोरे चेहरे दिसतीलच. आता जरा हिशोब करू.

परदेशी माणसाला भारतात नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्यासाठी सर्वसाधारण अट अशी की त्याचा पगार वर्षाला १६ लाख २५ हजार रुपयांच्या वर असला पाहिजे. म्हणजे महिन्याला साधारण १ लाख ३५ हजार. या अटीतून काही जणांना सूट आहे. आपापल्या देशाचं जेवण बनवणारे आचारी, वकिलातीतले कर्मचारी, भाषांतरकार आणि भाषा शिकवणारे शिक्षक. पण भाषाशिक्षकांच्या सुटीत एक मेख आहे. ही सूट इंग्लिशच्या शिक्षकांना नाही!

म्हणजे जपानी शिकवायला जपानचा माणूस कमी पगारावर येऊ शकतो, जर्मन शिकवायला जर्मनीचा येऊ शकतो. इंग्लिश शिकवायला मात्र नाही. इंग्लिशचे शिक्षक आपल्याकडं भरपूर आहेत, हे सरकारी नियमानंच मान्य केलंय म्हणा ना!

आता सांगा, आपल्या गावातला कुठला क्लास महिन्याला एवढा पगार देणार? बोर्डावरचा गोरा सर तिथं शिकवायला येण्याची शक्यता जवळपास शून्य. तो फक्त फ्लेक्सवर असतो. आत कोरेगावचा, तासगावचा, नाहीतर इस्लामपूरचा कुणीतरी घसा कोरडा करत असतो आणि त्याचा फोटो बोर्डाच्या कोपऱ्यातसुद्धा नसतो.

आता खुर्ची बदलू

समजा, तुम्ही सांगलीत इंग्लिश घेऊन बी.ए. केलं, कोल्हापूरच्या विद्यापीठातून एम.ए. केलं, बी.एड. केलं. इंग्लिश फाडफाड येतं. डोक्यात आयडिया आली की चला, दोन वर्षं कोरियात जाऊन इंग्लिश शिकवू. के-ड्रामा बघून थोडं कोरियनही येतंच की!

दक्षिण कोरियात इंग्लिशचे खासगी क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांना तिथं हागवॉन म्हणतात. परदेशी शिक्षकांना तिथं ई-२ नावाचा व्हिसा लागतो. तो मिळण्यासाठी पासपोर्ट सात देशांपैकी एकाचा हवा : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. संपली यादी.

भारताला एक छोटी खिडकी उघडी आहे. भारत आणि कोरियात झालेला व्यापारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात डिग्री आणि शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये इंग्लिशचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. पण लक्षात घ्या, शाळांमध्ये आणि सहायक म्हणून. हागवॉनचं दार बंदच.

तुम्ही म्हणाल, हा तर पासपोर्टचा प्रश्न झाला, रंगाचा कुठं? नियम नियम असतो.

बरोबर. पण मग ज्यांच्याकडं ‘बरोबर’ पासपोर्ट आहे त्यांचं काय होतं ते बघा. कोरियात नोकरीच्या अर्जासोबत फोटो मागायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलीय. २०१४ च्या सुमारास काही प्रकरणं जगभरच्या बातम्यांत आली. एका आफ्रिकन-अमेरिकन तरुणाला कळवण्यात आलं की त्यांना गोरा शिक्षक हवाय. पासपोर्ट अमेरिकेचा, मातृभाषा इंग्लिश, तरी नकार! एका आयरिश शिक्षिकेला तर ‘तुमचे लोक दारू फार पितात’ अशा अर्थाचं कारण देऊन नाकारलं. म्हणजे गोरं असूनही सुटका नाही. एकदा का माणसाकडं बघून त्याचं काम ठरवायची सवय लागली, की ती कुठं थांबेल सांगता येत नाही.

हा एका देशाचा लोचा नाही. टॉड रुकर आणि लिंडसे आइव्ह्ज या दोन अभ्यासकांनी चीन, जपान, कोरिया, तैवान आणि थायलंडसाठी इंग्लिश शिक्षक भरणाऱ्या वेबसाइट्स तपासल्या. २०१५ साली त्यांचा अभ्यास छापून आला. त्या वेबसाइट्सवरचे शब्द आणि फोटो मिळून आदर्श शिक्षकाचं जे चित्र तयार होत होतं ते असं : तरुण, उत्साही, गोरा, आणि गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या देशातला.

आपल्या फ्लेक्सवरचाच तो माणूस!

एक साधी परीक्षा घ्या. नायजेरियाची अधिकृत भाषा इंग्लिश आहे. तिथली कितीतरी पोरं पहिलीपासून इंग्लिशमध्येच शिकतात. पण कुठल्या क्लासच्या बोर्डावर नायजेरियन चेहरा बघितलाय कधी? भाषाच विकायची असती तर तोही चालला असता की.

डोळेच ऐकतात

‘पण गोऱ्या माणसाचे उच्चार खरंच चांगले असतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर एक भन्नाट प्रयोग झालाय.

डोनाल्ड रुबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी कॉलेजच्या मुलांना एका लेक्चरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आवाज एकच, अमेरिकेत वाढलेल्या एका बाईचा. फक्त ऐकताना समोर फोटो दाखवला. काही मुलांना गोऱ्या बाईचा, काही मुलांना आशियाई बाईचा. लेक्चर तेच, उच्चार तेच, अक्षरसुद्धा बदललेलं नाही.

झालं काय? ज्यांनी आशियाई चेहरा बघितला त्यांना उच्चार परके वाटले. एवढंच नाही, लेक्चर किती समजलं याची चाचणी घेतली तर त्यात त्यांचे मार्कही कमी आले!

हा अभ्यास १९९२ चा. म्हणजे बघा, नसलेला ॲक्सेंट मुलांना ऐकू आला. कान आपलं काम करत होते, पण निकाल डोळ्यांनी आधीच लावला होता. आणि तोटा कुणाचा झाला? बाईंचा तर झालाच, पण शिकणाऱ्या मुलांचाही झाला.

म्हणून हा फक्त शिक्षकांच्या नोकरीचा प्रश्न नाही. तुम्ही शिकताय, तर तो तुमचाही प्रश्न आहे.

‘मला दोन भाऊ आहेत’

इंग्लिश शिकवायला इंग्लिश मातृभाषा असलेलाच माणूस सगळ्यात चांगला, ही कल्पना एका अर्थानं कागदावरच आलेली आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथं राष्ट्रकुल देशांची इंग्लिश अध्यापनावर परिषद भरली होती. इंग्लिश कसं शिकवावं याबद्दल तिथं जे विचार मान्य झाले, त्यात हाही एक. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकानं १९९२ च्या पुस्तकात त्याला थेट ‘नेटिव्ह स्पीकरचा गैरसमज’ म्हटलं. २००६ साली इंग्लिश शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेनं अशा भेदभावाविरुद्ध अधिकृत भूमिका जाहीर केली.

पण अभ्यासक राहू द्या बाजूला. आपल्या क्लासमधलं उदाहरण घेऊ.

मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडं पेन आहे. मला ताप आलाय.

मराठीत तिन्ही वाक्यांची बांधणी वेगळी. इंग्लिशमध्ये तिन्हीकडं एकच क्रियापद चालतं : हॅव. मराठीत ‘हॅव’ला सरळ जोडीचं क्रियापदच नाही. म्हणून आपली पोरं सुरुवातीला ‘मी टू ब्रदर्स आर’ असं काहीतरी म्हणतात आणि वर्ग हसतो. ही चूक का होते, हे मराठी न येणाऱ्या माणसाला कळणं अवघड. तो फक्त चूक सुधारेल. आपला शिक्षक चुकीचं मूळ दाखवेल, कारण तो स्वतः कधीतरी तिथंच अडखळलेला असतो.

‘टेबलावर’मधलं ‘वर’ शब्दाच्या मागं लागतं आणि इंग्लिशचं ‘ऑन’ शब्दाच्या पुढं येतं. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही भानगड मराठीत नाहीच. व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही आपल्याकडं एकटा ‘व’ पुरतो. हे सगळे खड्डे ज्याला पाठ आहेत, तो या रस्त्यावर गाडी जास्त चांगली चालवणार की नाही?

याचा अर्थ गोरे शिक्षक वाईट असतात असा नाही हां. इंग्लिश मातृभाषा असलेल्यांमध्येही उत्तम शिक्षक असतात, त्यांच्याकडून बोलीभाषेची लय, म्हणी, विनोद शिकायला मिळतात. मुद्दा एवढाच की शिकवणं हे कौशल्य आहे. ते कातडीसोबत येत नाही आणि पासपोर्टसोबतही येत नाही. तुम्हाला मराठी येतं म्हणून उद्या एखाद्या कोरियन मुलाला ‘ने’ कधी लावायचा आणि कधी नाही ते समजावून सांगता येईल का? बघा प्रयत्न करून!

टेंभूचा पोरगा

गंमत म्हणजे हा वाद आपल्या मातीत जुना आहे आणि त्याचं उत्तरही इथल्याच माणसांनी दिलंय.

कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची प्रचंड गरिबी. त्या काळी सरकारी आणि मिशनरी कॉलेजांचे प्रिन्सिपल म्हणजे साहेबच. अशा वेळी चिपळूणकर-टिळकांनी १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरही लगेच येऊन मिळाले. पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. नाव गव्हर्नर साहेबाचं, पण शिकवणारे आणि चालवणारे आपले. हॅम्लेट मराठीत आणणारे आगरकर १८९२ मध्ये त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. टेंभूचा पोरगा!

त्याच सोसायटीनं १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढलं. ऑक्सफर्डहून परतलेले वि. कृ. गोकाक या कॉलेजचे प्राचार्य होते. मातृभाषा कन्नड, पुढं कन्नडसाठी ज्ञानपीठही मिळालं. आणि हेच गोकाक नंतर हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. देशभरच्या शिक्षकांना इंग्लिश कसं शिकवायचं हे शिकवणारी ती संस्था! सांगलीच्या प्राचार्यानं ती चालवली, गोरा चेहरा न लावता.

पगारातला भेदही तेव्हा उघड होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये रुजू झाले तेव्हा त्यांना युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला. बोसांनी तीन वर्षं शिकवलं, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी त्यांना मागच्या फरकासह पूर्ण पगार द्यावा लागला.

आणि साताऱ्यातल्या आणखी एका विद्यार्थ्याला कसं विसरायचं? ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झालं. आज तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जायचं, बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं. पुढं त्याच माणसाचं इंग्लिश कोलंबिया आणि लंडनच्या प्राध्यापकांनी वाचलं. माणूस कुठून आला, कसा दिसतो यावरून त्याची लायकी ठरवणं काय असतं, हे आपल्या गावाला कुणी कोरियातून येऊन सांगायची गरज नाही.

आणि आपण?

आता थोडं टोचेल असं. कोरियावाल्यांवर तोंडसुख घेणारे आपण कॉलेजात काय करतो?

सरांच्या इंग्लिशला सातारी हेल आला की मागच्या बाकावर खिदळतो. ‘गावठी इंग्लिश’ म्हणून त्यांची नक्कल करतो, रील बनवतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्या वक्त्यानं ‘वॉटर’ जरा गोल उच्चारलं की टाळ्या वाजवतो, मग तो तासभर काय बोलला हे आठवत नसलं तरी चालतं. काळ्या-सावळ्या, साध्या साडीतल्या मॅडम आणि कडक फॉर्मल्समधली गोरीपान मॅडम, यांत कुणाचा क्लास लावायचा हे आपण कितीदा फक्त बघून ठरवलंय?

क्लासवाले काही मूर्ख नाहीत. गोरा फोटो लावला की ॲडमिशन होतात, म्हणून ते लावतात. हागवॉनवालेही हेच सांगतात : पालकांना असंच लागतं हो, आम्ही काय करणार? म्हणजे शेवटी बोट गिऱ्हाइकाकडं वळतं. साताऱ्यात ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत वंश, जात, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं. खासगी नोकरीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला आळा घालणारा एकच सर्वंकष कायदा मात्र आपल्याकडं नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानं खासगी मालकालाही रंग, वंश किंवा राष्ट्रीयत्वावरून नोकरी नाकारता येत नाही. त्यामुळे आपल्याकडं तरी सवय बदलणं हाच सध्या हाताशी असलेला उपाय.

एवढं करून बघा

* क्लास लावण्याआधी डेमो मागा. आणि डेमोत एकच गोष्ट मोजा : सर किती बोलले आणि पोरं किती बोलली. स्पोकनच्या क्लासमध्ये पोरांनी जास्त बोललं पाहिजे.

* फोटोतली व्यक्ती शिकवते का, हे बिनधास्त विचारा. नसेल तर जी शिकवते तिचं नाव, शिक्षण आणि अनुभव विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही, फी आपण भरतोय.

* इंग्लिश शिकवण्यात करिअर करायचं असेल तर ‘मला इंग्लिश येतं’ यावर थांबू नका. शिकवायचं शिका. केंब्रिजचा सेल्टा कोर्स मातृभाषा इंग्लिश नसलेल्यांनाही खुला आहे आणि त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवून दाखवावं लागतं. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातही अध्यापनाचे कोर्स आहेत.

* परदेशी अर्ज करताना आधी व्हिसाचा नियम त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर वाचा, मगच एजंटशी बोला. ‘पासपोर्टचं बघून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

* नकार आला तर तो तुमच्या इंग्लिशला आलाय की चेहऱ्याला, हे वेगळं करायला शिका. पहिल्यावर मेहनत करता येते. दुसऱ्यासाठी स्वतःला कमी समजायचं काहीच कारण नाही.

राहिली त्या काकांची गोष्ट.

अर्धा मिनिट गप्प राहून काका म्हणाले, ‘मग मी जरा मागं बसू का? ऐकतो तुमचं.’

मी म्हटलं, बसा. चार वाजताची बॅच सुरू झाली. काका शेवटच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन तासभर बसले. इंग्लिशचा शब्द त्यांना कळत नव्हता. पण पोरं बोलतायत का, चुकल्यावर घाबरतायत का, मॅडम सगळ्यांना विचारतायत का, हे त्यांना नीट कळत होतं. तास संपला. काका उठले, खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि म्हणाले,

‘उद्यापासनं येईल पोरगी. आन् मॅडम, त्या बोर्डावर तुमचाच फोटू लावा की.’

शिक्षक भरणाऱ्या त्या सगळ्या चकचकीत वेबसाइट्सना जे सुचलं नाही, ते मेढ्याकडच्या काकांना सुचलं. आधी ऐकून बघायचं.